नाशिकच्या तिरंदाजांना सत्तर मीटरची जागा हवी

प्रति,
मा. संपादक,
यांस स. न. वि. वि.

विषय : नाशिक जिल्ह्यातील शालेय तिरंदाजांची मध्येच खंडित होणारी वाटचाल

महोदय,

दर वर्षी पावसाळा सरत आला की आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर शालेय धनुर्विद्या स्पर्धांचे निकाल येऊ लागतात. आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे तीन गट आणि त्यांच्याखाली मुलामुलींची नावे. पेठ तालुक्यातील एका आश्रमशाळेत मी सव्वीस वर्षे क्रीडाशिक्षक होतो. निवृत्त होऊन म्हसरूळला राहायला आलो, तरी ते निकाल कात्रण काढून वहीत चिकटवण्याची सवय सुटलेली नाही. चौदा वर्षांखालील गटात चमकलेले नाव तीन वर्षांनी वरच्या गटात आले का, हे मी मागची पाने उलटून पाहतो, आणि पश्चिमेकडच्या तालुक्यांतील मुलांच्या बाबतीत ते नाव बहुतेक वेळा सापडत नाही. ही मुले कोठे जातात आणि का जातात, हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझ्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण देतो. तिचे नाव लिहिणे योग्य होणार नाही. ती सहावीत असताना आमच्या शाळेत बांबूची चार धनुष्ये आली. शाळेमागच्या उतारावर मुरुमाचा बांध घालून आम्ही त्यापुढे भाताच्या पेंढ्याचे टार्गेट उभे केले. पहिल्या महिन्यात तिचे निम्मे बाण बांधात जात होते. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण बक्षीस समारंभात पाहुणे उभे राहतात आणि आदिवासी मुलांच्या रक्तातच नेम असतो, ही एकलव्याची लेकरे आहेत, असे म्हणतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्या वाक्याने मुलीचे कष्ट पुसले जातात. तिच्या रक्तात नेम नव्हता. सकाळच्या प्रार्थनेआधी ऐंशी आणि संध्याकाळी सत्तर असे दिवसाला दीडशे बाण तिने सलग चौदा महिने मारले, डाव्या हाताच्या आतल्या बाजूला दोरीचे वळ उठले तरी मारले, तेव्हा कोठे तीस मीटरवर तिचे सहाच्या सहा बाण ओंजळीएवढ्या जागेत बसू लागले. आठवीत ती विभागापर्यंत गेली आणि नववीत राज्यस्पर्धेत खेळली.

त्या राज्यस्पर्धेत तिने शेजारच्या मैदानावर रिकर्व्ह धनुष्ये पहिल्यांदा पाहिली. परतीच्या एसटीत ती मला म्हणाली, "सर, त्यांचा बाण जाताना दिसतच नाही, नुसता लागलेला दिसतो." मला त्या वेळी तिच्या शब्दांचा आनंद झाला, पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज तिला नव्हता आणि खरे सांगायचे तर मलाही पुरता नव्हता.

या खेळाबाहेरच्या वाचकांसाठी येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. आपल्याकडे शालेय आणि राष्ट्रीय स्पर्धांत धनुर्विद्येचे तीन प्रकार खेळले जातात. पहिला भारतीय प्रकार, ज्यात बांबूचे धनुष्य असते, त्यावर नेम धरण्याची साईट नसते आणि अंतर तीस व पन्नास मीटर असते. दुसरा रिकर्व्ह, म्हणजे ऑलिंपिकमध्ये खेळला जातो तो, सत्तर मीटरचा. तिसरा कंपाउंड, कप्प्या आणि तारांच्या रचनेचा, पन्नास मीटरचा. भारतीय प्रकार स्वस्त असल्यामुळे खेड्यातले मूल त्यातूनच खेळात येते आणि ते योग्यच आहे, परंतु हा प्रकार आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नाही. त्यामुळे बांबूच्या धनुष्यावर राज्यापर्यंत पोहोचलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला पुढे जायचे असेल, तर तिला साधन, अंतर, उभे राहण्याची पद्धत, हनुवटीखाली हात टेकवण्याची जागा, असे जवळजवळ सगळेच नव्याने शिकावे लागते. सत्तर मीटरवरचे टार्गेट १२२ सेंटीमीटर व्यासाचे असते आणि त्यातले दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटीमीटरचे. पात्रता फेरीत असे ७२ बाण मारायचे, म्हणजे एकूण गुण ७२०. पुढे समोरासमोरच्या लढतीत एका बाणाला वीस सेकंद मिळतात, आणि वारा त्या वीस सेकंदांसाठी थांबत नाही.

आता साधनाकडे येतो, कारण खरी गाठ तेथे आहे. बांबूचे धनुष्य आणि बाण मिळून आम्हाला चार-पाच हजारांत पडत. स्पर्धेच्या दर्जाचा रिकर्व्ह संच, म्हणजे मधली धातूची मूठ ज्याला रायझर म्हणतात, वरखाली बसणारी दोन पाती, साईट, स्टॅबिलायझर, क्लिकर आणि बाण, हे सगळे धरून अडीच-तीन लाखांच्या घरात जाते. यातील बहुतेक साहित्य अमेरिका किंवा दक्षिण कोरियातून येते. उत्तम प्रतीच्या कार्बन बाणांचा एक डझनच चाळीस हजारांच्या पुढे जातो, आणि बाण ही काही एकदा घेऊन वर्षानुवर्षे पुरणारी वस्तू नव्हे. त्यात वाढत्या वयाच्या मुलांची आणखी एक अडचण असते. मूल उंच होते, हात लांब होतात, म्हणजे दोरी खेचण्याची लांबी वाढते, आणि गेल्या वर्षी मापात असलेला बाण यंदा आखूड पडतो. दंडात बळ आले की पाउंडेज, म्हणजे दोरी खेचण्याचे वजन, वाढवावे लागते, म्हणजे पाती बदलायची. पाती बदलली की बाणाचा ताठपणा जुळत नाही, म्हणजे पुन्हा बाण बदलायचे. चौदा ते अठरा या चार वर्षांत हे दोन-तीन वेळा होते, आणि नेमकी हीच वर्षे खेळाडू घडण्याची असतात.

आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून त्या मुलीसाठी एक जुना रायझर आणि हलक्या वजनाची पाती मिळवली. बाण ॲल्युमिनियमचे घेतले. मदतीसाठी मी एका कार्यालयात चार फेऱ्या मारल्या. प्रत्येक वेळी, राष्ट्रीय पदक असेल तर प्रस्ताव आणा, असे उत्तर मिळाले. पदकासाठी धनुष्य हवे होते आणि धनुष्यासाठी पदक मागितले जात होते. दहावी झाल्यावर ती अकरावीसाठी नाशिकला आली. वसतिगृहात जागा मिळाली, पण सत्तर मीटरवर रोज बाण मारता येईल अशी जागा तिला शहरात मिळाली नाही. ज्या मैदानावर आठवड्यातून दोनदा सोय झाली, तेथे त्याच वेळी क्रिकेट चालत असल्याने चाळीस मीटरच्या पुढे टार्गेट लावणे धोक्याचे होते. पुढच्या ऑक्टोबरमध्ये तिचे घरचे लोक नेहमीप्रमाणे द्राक्षबागांच्या छाटणीला दिंडोरीकडे उतरले, हात कमी पडत होते, आणि ती त्यांच्याबरोबर गेली. आज ती वीस वर्षांची आहे. मागच्या डिसेंबरात मी तिला भेटलो तेव्हा ती एका बागेत घडांची विरळणी करीत होती. तिचे काम प्रामाणिक आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण ते तिने निवडलेले नव्हते.

ऑक्टोबरच्या छाटणीचा उल्लेख मी सहज केलेला नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतील कितीतरी कुटुंबे भाताची कापणी उरकली की, कधी त्याआधीही, दिंडोरी आणि निफाडच्या बागांत कामाला येतात. ऑक्टोबरात छाटणी, त्यानंतर विरळणी, आणि जानेवारीपासून काढणी. शालेय स्पर्धांचा विभाग आणि राज्य पातळीचा मोसम साधारणपणे याच महिन्यांत येतो. शहरातल्या पालकाला मुलाच्या स्पर्धेसाठी रजा काढावी लागते; बागेतल्या मजुराला उचल घेतलेल्या कामातून दोन हात कमी करावे लागतात. खेळाडूच्या प्रवासभत्त्याचा विचार करणाऱ्यांनी हा बुडालेला रोज कधी हिशेबात धरल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

हे सगळे अपरिहार्य आहे असे मात्र कोणी म्हणू नये, कारण याच महाराष्ट्रात वेगळे घडलेले आपण पाहिले आहे. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव हा शेतमजुरी करणाऱ्या आईवडिलांचा मुलगा. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकांनी त्याला खेळाकडे वळवले आणि पुढे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने त्याच्या राहण्या-जेवण्याची आणि सरावाची जबाबदारी घेतली. २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय पुरुष संघात तो होता, आणि टोकियो व पॅरिस अशा दोन ऑलिंपिकमध्ये तो खेळला. टोकियोत वैयक्तिक प्रकाराच्या पहिल्याच लढतीत त्याने जागतिक क्रमवारीत दुसऱ्या स्थानावर असलेल्या रशियन तिरंदाजाला ६-० असे हरवले, ती लढत मी आमच्या शाळेतील मुलांच्या एका गटाला मोबाइलवर दाखवली होती. साताऱ्याच्या आदिती स्वामीची वाट निराळी. वडील शिक्षक, मुलीच्या सरावासाठी कुटुंबाने गाव सोडून साताऱ्यात बिऱ्हाड केले आणि साहित्यासाठी कर्ज काढले. प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे, उसाच्या शेतात तयार केलेल्या मैदानावर ती घडली. २०२३ च्या जूनमध्ये तिने ७२० पैकी ७११ गुणांचा अठरा वर्षांखालील विश्वविक्रम केला, जुलैमध्ये लिमरिक येथे युवा विश्वविजेती झाली आणि ऑगस्टमध्ये बर्लिन येथे, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपाउंड प्रकारात थेट वरिष्ठ गटाचे विश्वविजेतेपद मिळवले. त्याच दिवशी त्याच मैदानावर नागपूरहून साताऱ्याला येऊन सराव करणारा ओजस देवतळे अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण मिळवून विश्वविजेता झाला. नागपूरच्या मुलाला साताऱ्याला जाऊन राहावेसे वाटले, ते तेथे रोज बाण मारण्याची जागा आणि रोज पाहणारा प्रशिक्षक होता म्हणून. साताऱ्याची माती काही आपल्या मातीहून वेगळी नाही.

नाशिक जिल्ह्याने खेळाडू दिलेच नाहीत असेही नाही. सावरपाड्याची धावपटू कविता राऊत आणि चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा नौकानयनपटू दत्तू भोकनळ हे दोघेही २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये होते. परंतु यात एक भेद लक्षात घ्यावा लागतो. धावणारी मुलगी घाटाच्या रस्त्यावर, वेळ पडली तर अनवाणी, आपली तयारी सुरू करू शकते; तिची गुणवत्ता साधनाशिवाय निदान दिसू तरी शकते. नौकानयन हा साधनाचा खेळ, आणि दत्तूच्या हाती वल्हे आले ते सैन्यात गेल्यावर. तिरंदाजीचेही तसेच आहे. फरक एवढाच की त्यातले साधन सैन्यात जाण्याच्या वयाआधी, चौदाव्या-पंधराव्या वर्षी, कोणी तरी द्यावे लागते.

योजना नाहीत असे मी म्हणणार नाही. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला १०,००० रुपये किरकोळ खर्चासाठी मिळतात. राज्य शासनाच्या मिशन लक्ष्यवेधमध्ये निवडलेल्या बारा खेळांत धनुर्विद्या आहे. दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत आणि शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. या सगळ्याचा मला आदर आहे. पण यातील बहुतेक लाभ पदक किंवा निवड झाल्यानंतर सुरू होतात, आणि आमची मुले गळतात ती त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत.

म्हणून आपल्या दैनिकाच्या माध्यमातून महापालिका, जिल्हा क्रीडा विभाग आणि आदिवासी विकास आयुक्तालय यांच्यापुढे दोन मागण्या ठेवतो. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, ही आपली जमेची बाजू असताना तिचा उपयोग या मुलांना व्हावा.

पहिली मागणी जागेची. शहरात किंवा त्र्यंबक, पेठ अथवा दिंडोरी रस्त्यालगत सत्तर मीटरची कायमस्वरूपी जागा केवळ धनुर्विद्येसाठी राखून ठेवावी. तिला आलिशान इमारत नको. उभे राहण्याच्या रेषेवर पत्र्याची शेड, समोर सपाट मोकळी जमीन, टार्गेटांवर लहान छप्पर, त्यांच्यामागे मातीचा उंच बांध आणि चहूबाजूंनी कुंपण, एवढे पुरे. शेड असली की आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा पाऊस आडवा येत नाही, कारण मुले कोरड्यात उभी राहतात आणि फक्त बाण पावसातून जातो. २०२७ च्या सिंहस्थासाठी सध्या शहरातील आणि परिसरातील मोकळ्या जागांची आखणी चालू आहे, वाहनतळ ठरत आहेत, रस्ते रुंद होत आहेत. याच आखणीत या पट्ट्याची नोंद झाली नाही, तर पुढे अशी जागा शिल्लक राहील असे मला वाटत नाही.

दुसरी मागणी साहित्यपेढीची, आणि ती मला जास्त निकडीची वाटते. रिकर्व्ह धनुष्याची रचना अशी आहे की बहुतेक कंपन्यांची पाती एकाच प्रमाणित खाचेत बसतात. एकाचा रायझर आणि दुसऱ्याची पाती जुळवता येतात. रायझर नीट वापरला तर वर्षानुवर्षे टिकतो. म्हणजे दहा-बारा रायझर आणि वेगवेगळ्या वजनांच्या पात्यांच्या तीस-चाळीस जोड्या एका ठिकाणी असतील, तर मुलगी वाढत जाईल तसतशी ती हलकी पाती परत करून जड पाती नेईल आणि तिची हलकी पाती पेठच्या एखाद्या सातवीतल्या मुलाच्या हाती जातील. कंपाउंडमध्येही बऱ्याच धनुष्यांची खेचण्याची लांबी कमी-जास्त करता येते, त्यामुळे तेही फिरते ठेवता येईल. बाणांचे मागचे नॉक, पंख आणि टोके बदलून बाण पुन्हा वापरात आणता येतात; त्यासाठी एक साधे दुरुस्तीचे टेबल आणि ते काम शिकलेला एक माणूस हवा. ग्रंथालयाची नोंदवही जशी असते तशी नोंदवही, शाळेची हमी, आणि दर सहा महिन्यांनी तपासणी, एवढ्यावर हे चालते. साहित्य शाळेच्या कपाटात कुलूपबंद राहणार नाही, एवढी दक्षता मात्र घ्यावी. नवी कोरी धनुष्ये तपासणीच्या भीतीने पेटीतून बाहेर न काढलेली मी पाहिली आहेत.

साहित्याइतकेच प्रशिक्षकाचेही महत्त्व आहे, हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो. लवकर निकाल मिळावा म्हणून मी एका मुलाचे पाउंडेज घाईने वाढवले, त्याचा उजवा खांदा दुखावला आणि त्याचे पुरे वर्ष गेले. तो मुलगा मला आजही मानतो, परंतु मी ती गोष्ट विसरलेलो नाही. वाढत्या खांद्यावर किती भार टाकावा, दिवसाला किती बाण पुरेत, कोणत्या आठवड्यात हात थांबवावा, हे सांगणारा प्रशिक्षित माणूस जागेवर रोज हवा. शिबिरापुरता येऊन जाणारा नको.

येत्या काळात या खेळाला आणखी दार उघडत आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश झाला आहे. आतापर्यंत कंपाउंड खेळणाऱ्या मुलांना ऑलिंपिकचे स्वप्नच नव्हते. आज आपल्याकडे बारा-तेरा वर्षांची असलेली मुले २०३२ मध्ये अठरा-एकोणीसची असतील. भारताला धनुर्विद्येत अजून एकही ऑलिंपिक पदक मिळालेले नाही. पॅरिसमध्ये धीरज बोम्मदेवरा आणि अंकिता भकत ही जोडी चौथ्या स्थानावर राहिली. ते पदक नाशिकचेच मूल आणील असा माझा दावा नाही. आमच्या उतारावर दीडशे बाण मारणाऱ्या मुलीला सत्तर मीटरवर उभे राहून स्वतःला आजमावता यावे, एवढेच माझे मागणे आहे.

माझ्याकडे दोन जुने रायझर, पात्यांच्या तीन जोड्या, एक साईट आणि वीसेक ॲल्युमिनियमचे बाण आहेत. त्या विद्यार्थिनीने परत केलेला संच त्यांतच आहे. साहित्यपेढी सुरू होणार असेल तर हे सर्व मी पहिल्या दिवशी तेथे जमा करीन. माझे तीन माजी सहकारीही आपल्याकडचे साहित्य देण्यास तयार आहेत. जागा ठरल्यास सकाळी सहा ते आठ या वेळेत विनामोबदला शिकवण्याची माझी तयारी आहे. हे काम ऑक्टोबरच्या छाटणीआधी उभे राहिले, तर कुटुंबे बागांकडे उतरण्यापूर्वी त्यांच्याशी बोलून या वर्षीच्या सात-आठ मुलांची राहण्याची सोय नाशिकमध्ये करता येईल. त्या मुलांची यादी माझ्याजवळ तयार आहे.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
म्हसरूळ, नाशिक